काळ्या सालीची केळी आणि घरचा केक

केळं खायला छान लागतं ती वेळ वेगळी आणि केकसाठी छान होतं ती वेळ वेगळी. दोन्हीच्या मधे थंडीत चार-पाच दिवस जातात, आणि ठाण्याच्या मे महिन्यात जेमतेम दीड-दोन. या मधल्या दिवसांत त्या केळ्यांकडे घरातलं कोणी बघतसुद्धा नाही, मुलं तर हातच लावत नाहीत, आधी सालीवर तपकिरी ठिपके, मग ठिपक्यांचे डाग, मग अख्खी सालच काळपट, देठाशी मऊ, आणि टोपलीभोवती चिलटं भिरभिरायला लागली की कोणीतरी म्हणतंच, अगं टाक ना ती केळी आता. मला त्या "टाक आता"बद्दल लिहायचंय. कारण माझं अगदी ठाम मत आहे की त्या दिवशी ते केळं सगळ्यात गोड आणि सगळ्यात सुगंधी असतं, आणि आपण नेमकं तेव्हाच ते ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

हे नुसतं भावनेच्या भरात म्हणत नाहीये. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण २० टक्के स्टार्च असतो, म्हणून तर त्याची भाजी होते, वेफर्स होतात. पिकताना केळ्यातलीच एन्झाइम्स त्या स्टार्चची साखर करत जातात आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च उरतो फक्त एक-दोन टक्के, बाकी सगळी साखर. म्हणजे जो गोडवा आपण केकमध्ये वाटीने ओततो तो त्या काळ्या सालीच्या आत आधीच तयार झालेला असतो, आपण फक्त थांबायचं असतं. गर धरून ठेवणारं पेक्टिनही सुटत जातं, म्हणून ते काट्याने दोन मिनिटांत कुस्करलं जातं, मिक्सर लागत नाही. आणि वास! केळ्याचा तो ओळखीचा वास पिकत जाईल तसा दाट होत जातो, त्यात युजेनॉल नावाचं एक द्रव्यही किंचित असतं, तेच जे लवंगेत असतं. म्हणून पिकलेल्या केळ्याबरोबर जायफळ, लवंग, वेलची असले गरम मसाल्याच्या डब्यातले वास इतके सहज जमतात. व्हॅनिला इसेन्स मी केळ्याच्या केकमध्ये घालतच नाही, गरजच पडत नाही.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. साल काळी झाली म्हणजे केळं पिकलंच असं नाही. फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं एका रात्रीत काळं पडतं ते थंडीमुळे, उष्ण हवेतलं फळ ते, १३ अंशांच्या खाली त्याच्या सालीला थंडी बाधते. साल काळी होते आणि आतलं पिकणं मात्र मंदावतं. सोलून बघितलं तर आत पांढरट, घट्ट, बेताचं गोड. असलं केळं केकमध्ये घातलं तर केक फिकाच होणार, आणि मग लोक म्हणतात केळ्याच्या केकला काही चव नसते बाई. बाहेर ओट्यावर, मोकळ्या हवेत, आपल्या गतीने काळं झालेलं केळं हवं.

आणि ही गती आता आपल्या हातात फार थोडी उरलीय. ठाण्यात गावदेवी मार्केटला किंवा जांभळी नाक्यावर, कौपिनेश्वराच्या देवळाच्या आसपास, जी पिवळीधमक केळी दिसतात त्यातली बरीचशी जळगावकडची. तिथून हिरवीच काढलेली, ट्रकने चारेकशे किलोमीटर येतात, आणि मग रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडून, १६ ते १८ अंशांवर ठेवून, सगळी एकदम पिवळी केली जातात. यात वाईट काही नाही, इथिलीन केळं स्वतःही सोडतं, पिकण्याचा निरोप देणारा वायूच तो. वाईट आहे ते कॅल्शियम कार्बाइड, ज्यावर आपल्याकडे बंदी आहे आणि तरीही ते कुठे कुठे वापरलं जातं. तशी केळी साल झगझगीत पिवळी, देठ हिरवागार आणि आत पिठूळ अशी असू शकतात. सांगायचा मुद्दा असा की पिवळा रंग हा आजकाल केळ्याबद्दल फारसं काही सांगत नाही, ठिपके सांगतात. मी फळवाल्याकडे ठिपक्यांची केळी मागते.

आमच्या नेहमीच्या फळवाल्याला हे आता माहितीये. संध्याकाळी आठच्या सुमाराला गाडी आवरायच्या बेतात असताना तो मऊ झालेल्या फण्या बाजूला काढतो, आणि मी दिसले की म्हणतो, "ताई, तुमची ठेवलीयेत." पूर्वी म्हणायचा, शिकरणाला घेऊन जा, स्वस्तात देतो. मी ती स्वस्तात घेत नाही, म्हणजे दोन-पाच रुपये कमी करतो तो, ते ठीक आहे, पण फुकटात मिळाल्यासारखी घासाघीस मला नाही जमत. केळीचं रोप लावल्यापासून घड हातात यायला ११-१२ महिने लागतात. वर्षभर त्या माणसाने जळगावच्या ऊन्हात पाणी देत बसायचं, वादळ आलं की आडवी झालेली बाग बघायची, आणि इथे आपण दोन दिवस उशीर झाला म्हणून त्याला किंमत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. त्या फळवाल्याचाही तो दिवसभराचा उरलेला धंदा असतो. मऊ केळी कोणी उचलली नाहीत तर नुकसान त्याचंच.

आता केकबद्दल. केळ्याचा केक हा प्रकार आपल्याकडे बाहेरून आला हे खरंच, अमेरिकेत १९३० च्या दशकात बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर घरोघरी झाली, त्यात मंदीचे दिवस, काही वाया घालवणं परवडणारं नव्हतं, तेव्हा तिथल्या पाककृतींच्या पुस्तकांत बनाना ब्रेड जिकडेतिकडे दिसायला लागला. पण गंमत बघा, ज्या चवीसाठी हे सगळं करायचं ती चव मराठी माणसाला लहानपणापासून पाठ आहे. तुपात परतलेलं पिकलेलं केळं म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद! सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप आणि केळं. घरी नुसत्या शिऱ्यात आणि प्रसादाच्या शिऱ्यात जो फरक लागतो, त्यातला मोठा वाटा त्या केळ्याचा असतो. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, याबाबतीत फार काटेकोर. केळं शेवटी वरून घालायचं नाही, तुपात रव्याबरोबर खमंग परतायचं, त्यांचं म्हणणं, "केळं तुपात शिजल्याशिवाय प्रसादाचा वास येत नाही."

मी केक करायला लागले तेव्हा सगळ्या रेसिपींमध्ये केळं कच्चंच कुस्करून पिठात ढकललेलं असायचं. चांगलाच होतो तोही केक. पण आईंचं ते वाक्य डोक्यात होतं, म्हणून मी केळी आधी तुपात परतून घेऊन मग केक केला, आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्या पद्धतीकडे बघितलेलं नाही. कारणही सरळ आहे. अति पिकलेल्या केळ्यात पाणी सुटलेलं असतं, ते कढईत आटतं, त्यामुळे केक मधेच गिच्च राहत नाही. साखर तुपात तापून किंचित करपटते, रंग गुळाकडे झुकतो, आणि वास असा सुटतो की शेजारच्या काकू दारातून विचारतात, आज पूजा आहे का गं तुमच्याकडे.

तर माझा केक असा. चांगली काळी पडलेली मोठी चार केळी, सोलून साधारण ४०० ग्रॅम गर. वेलची केळी असतील तर आठ-दहा लागतात आणि ती जरा जास्तच सुवासिक, जमलं तर तीच घ्या. कढईत दोन मोठे चमचे साजूक तूप, त्यात केळी, मंद आचेवर उलथन्याने दाबत दाबत सात-आठ मिनिटं, गोळा कढईची कड सोडायला लागेपर्यंत. वेलची आणि जायफळ तेव्हाच घालायचं, गरम तुपात त्यांचा वास उमलतो. मग पूर्ण गार होऊ द्यायचं, हे महत्त्वाचं. तोवर अर्धा कप बारीक रवा अर्धा कप दह्यात वीस मिनिटं भिजत ठेवायचा. मोठ्या भांड्यात गार झालेलं केळं, अर्धा कप साखर किंवा किसलेला गूळ (माझं मत गुळाला), एक तृतीयांश कप तेल, तो भिजलेला रवा, आणि सगळं एकजीव. दुसरीकडे एक कप कणीक, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ दोनदा चाळून. चमचे म्हणजे मापाचे छोटे चमचे, जेवणातले नाहीत, सोडा जास्त पडला की साबणासारखी चव येते आणि ती कशानेच झाकत नाही. कोरडं ओल्यात घालायचं, लागेल तसं दूध, साधारण अर्धा कप, आणि फक्त पीठ दिसेनासं होईपर्यंत हलवायचं. घोटायचं नाही. कणकेतलं ग्लुटेन घोटलं की चिवट होतं, पोळीला ते हवं असतं, केकला नको. मूठभर अक्रोड किंवा काजू, असतील तर.

सोड्याचं एक सांगते. दही आंबट, गूळ थोडा आंबट, केळंसुद्धा किंचित आंबटच, आणि सोड्याला आंबट भेटलं की लगेच वायू सुटायला लागतो, म्हणून मिश्रण झालं की फोन घ्यायला जायचं नाही, सरळ तूप लावलेल्या टिनमध्ये आणि तिथून आधीच तापवलेल्या ओटीजीत. १८० अंश, ४५ ते ५० मिनिटं. वरून फार लाल व्हायला लागला तर शेवटची दहा मिनिटं वर फॉइल टाकायची, केळ्याचा आणि गुळाचा केक इतर केकपेक्षा लवकर लाल होतो, साखरच तेवढी असते. सुरी घालून कोरडी आली की झाला.

ओटीजी नसेल तर काही अडत नाही. आमच्या लहानपणी कुठे होता ओव्हन? कळव्याला आईकडे जुना कुकर फक्त केकसाठी राखून ठेवलेला होता, शिट्टी आणि रबर काढलेला, तळाला वाळूचा थर, त्यावर जाळी, त्यावर डबा, झाकण लावून मंद गॅस. गॅसवर ठेवायचे ते गोल अ‍ॅल्युमिनियमचे ओव्हनही होते काही घरांत, मधे काचेची गोल खिडकी असलेले, आणि ज्यांच्याकडे तो असेल त्यांच्याकडे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बिल्डिंगमधल्या बायकांची ये-जा. आजही जाड बुडाच्या कढईत मीठ घालून, दहा मिनिटं तापवून, झाकण ठेवून हा केक उत्तम होतो, वेळ थोडा जास्त लागतो आणि वरची बाजू फिकी राहते एवढंच.

आणि खरं सांगायचं तर आपल्या कोकणात सोडा-बिडा नसतानाही हे चालूच होतं. माझ्या आजीकडे गणपतीनंतर वेलावर राहून गेलेली, पिवळी-तांबूस झालेली मोठी काकडी असायची, कोशिंबिरीला ती निबर, कोणी खाणार नाही अशी. आजी ती किसायची, बिया काढून, आणि त्या पाण्यातच तांदळाचा भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, हळदीचं पान असेल तर पान, असं शिजवून जाड पातेल्यात ओतायची, खाली मंद जाळ आणि वर झाकणावर निखारे. तवसळी म्हणायचे आमच्याकडे, काही ठिकाणी धोंडस म्हणतात. कडेने लालसर खरपूस, आत मऊ लुसलुशीत, वड्या कापायच्या. वरून आणि खालून विस्तव म्हणजे ओव्हनच झाला की तो. बरका फणस जास्त पिकला की त्याच्या रसाचं सांदण, आंबे एकदम उतरले की रस आटवून गोळा किंवा उन्हात ताटांवर पोळी, वसईकडे (तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघरमध्ये) राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी. या सगळ्या बायका-माणसांना एक गोष्ट पक्की माहिती होती की फळ हातातून निसटायच्या आधीचा जो शेवटचा दिवस असतो तो रांधायचा दिवस असतो. माझा केक मला त्याच घरातला वाटतो. उसना आणलेला नाही वाटत.

आमच्या सोसायटीत गणपतीत हे फार जाणवतं. दर्शनाला येणारा प्रत्येक जण डझनभर केळी, सफरचंद, पेरू, सीताफळ काहीतरी आणतोच, देवापुढे ढीग लागतो, आणि विसर्जन झालं की दमलेल्या घरात तो ढीग तसाच, वर भाद्रपदातली दमट हवा, दोन दिवसांत सगळं मऊ. देवापुढचं फळ टाकवत नाही आणि खाववतही नाही. म्हणून मी आता बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहूनच टाकते, केळी काळी झाली असतील तर माझ्याकडे पाठवा. येतात. पिशव्या दाराच्या कडीला लटकलेल्या असतात. सगळ्यांचा लगेच केक होत नाही, उरलेली सोलून, तुकडे करून, डब्यात भरून फ्रीझरमध्ये जातात, दोन-तीन महिने मस्त राहतात. बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं ते ओतून देऊ नका, गोडवा सगळा त्यातच उतरलेला असतो, कढईत आटेल ते. आणि मग आठवडाभर संध्याकाळी केकचे तुकडे डब्यांतून खाली-वर जात राहतात. तळमजल्यावरच्या आजोबांची कवळी आहे, बेकरीचे कडक प्रकार त्यांना चालत नाहीत, हा केक मात्र ते आवडीने खातात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळे मिटून म्हणाले, "हा शिरा आहे की केक आहे?" आईंनी लगेच उत्तर दिलं, "प्रसाद आहे, घ्या अजून." मला त्या दिवशी जे वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण फार बरं वाटलं.

बाकीच्या फळांचं थोडक्यात सांगते कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. चिकू उत्तम. कच्चा चिकू तोंडाला ओढ आणतो तो त्यातल्या टॅनिनमुळे, पिकता पिकता ते कमी होतं, आणि अगदी लगदा झालेल्या डहाणू-घोलवडच्या चिकूचा केक कोको न घालताही चॉकलेटी रंगाचा होतो, साखर मात्र अजून कमी करा. सफरचंद पिठूळ झालं तर सालासकट किसून, दालचिनीबरोबर. पेरू शिजवून चाळणीतून गाळून घ्यावा, बिया दाताखाली आल्या की मजा जाते. आंब्याचा रस आधी आटवलाच पाहिजे, नाहीतर केक ओला आणि फिका, आणि हापूसपेक्षा मला पायरी किंवा रायवळ बरा वाटतो केकला, त्याचा आंबटपणा टिकून राहतो. सीताफळ मात्र भट्टीत घालू नका! त्याचा गर तापवला की कडवट होतो, किती का गोड असेना. त्याची गार बासुंदी करा, दूध आधी आटवून, गार करून, मग गर.

आणि पिकलेलं नि नासलेलं यातली रेघ पाळायची. साल काळी चालते, गर मऊ, तपकिरी, चिकट चालतो. पण दारूसारखा आंबूस वास, साल फुटून बाहेर आलेलं पाणी, किंवा कुठेही पांढरी-हिरवी बुरशी दिसली की ते फळ गेलं. तेवढाच भाग कापून बाकीचं वापरू असं मऊ फळाच्या बाबतीत करायचं नाही, बुरशीचे तंतू आत कुठवर गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही. ते कंपोस्टच्या डब्यात जाऊ दे, कुंडीतल्या गवती चहाला मिळेल.

हा केक त्याच दिवशी खायची घाई करू नका. पहिल्या दिवशी तो जरा भुसभुशीत असतो, रात्रभर डब्यात राहिला की केळ्याचा ओलावा रव्यात नीट मुरतो आणि दुसऱ्या दिवशी सुरीला सुबक काप येतात. त्यातला बोटभर जाडीचा काप घ्या, तवा तापवून वर थोडं तूप सोडा, आणि दोन्ही बाजूंनी कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजा, चहा त्याच वेळी गाळून तयार ठेवा कारण भाजलेला काप थांबत नाही. आमच्याकडे चौथ्या दिवसापर्यंत उरत नाही, पण उरलाच तर फ्रिजमध्ये ठेवा, ठाण्याच्या हवेत बाहेर नको.